एक वस्तू घेऊन या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही दहाबारा जणं पुण्यात एका सोसायटीच्या हॉलमध्ये बसतो. प्रत्येकाने घरातली एक जुनी वस्तू आणायची, तिच्याकडे बघायचं, तिचं चित्र किंवा ठसा काढायचा, चार ओळी लिहायच्या, चहा प्यायचा आणि घरी जायचं. एवढंच आहे. पण व्हॉट्सॲपवर तेच ते प्रश्न इतक्या वेळा येतात की आता एकदाच सगळं टाइप करून ठेवते, पुढच्या वेळी नुसतं फॉरवर्ड करेन. थोडं लांबलंय. तुमच्या कामाचं तेवढं वाचा.

हा चित्रकलेचा क्लास आहे का?

नाही. इथे कोणी शिकवत नाही, मी पण नाही. मी जेजेची वगैरे नाही, एका ऑफिसात अकाउंट्स बघायचे, आता घरी असते. सुरुवात झाली ती आमच्या घरच्या एका पातेल्यावरून, त्याची गोष्ट खाली येईलच.

मला चित्र अजिबात काढता येत नाही, आले तर चालेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. चालेल, उलट बरं. ज्यांचा हात चांगला असतो ते पटकन सुंदर काढून मोकळे होतात आणि वस्तूकडे बघायचंच राहून जातं.

आम्ही काय करतो, पहिली दहा मिनिटं कागदाकडे बघायचंच नाही. नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीसारखी हळू फिरवायची आणि त्याच स्पीडने हात कागदावर. खाली जे उमटतं ते बटाट्यासारखं दिसतं, सगळ्यांचंच, हसून घ्या. पण त्या दहा मिनिटांत तुम्ही त्या वस्तूकडे जेवढं बघता तेवढं गेल्या वीस वर्षांत बघितलेलं नसतं.

एक काका आले होते, वडिलांचं एचएमटी जनता घड्याळ घेऊन, रोज किल्ली द्यावी लागायची ते. (एचएमटीने १९६१ मध्ये बेंगळुरूला सिटिझन कंपनीच्या मदतीने घड्याळं करायला घेतली, २०१६ मध्ये सगळं बंद झालं, आणि मधल्या काळात पास झाल्यावर किंवा नोकरी लागल्यावर तेच घड्याळ मिळायचं हे आमच्या पिढीला सांगायला नको.) तर काकांचं म्हणणं, मला काही येत नाही, मी नुसता बसतो. बसले. मग पट्ट्याची कड काढता काढता थांबले. पट्ट्याला कंपनीची भोकं सात, पण आतल्या बाजूला आठवं एक होतं, वेडंवाकडं, दाभणाने पाडलेलं. शेवटच्या वर्षात वडिलांचं मनगट इतकं बारीक झालं होतं की सातवं भोक पण सैल पडायला लागलं. घड्याळ तेरा वर्षं काकांच्या कपाटात होतं, आणि ते भोक त्यांनी पाडलंय की आईने, हे त्यांना आता सांगता येईना. त्या दिवशी त्यांनी कागदावर फक्त ते एक भोक काढलं. मोठं करून.

अजून एक, ज्यांना पुरावा लागतो त्यांच्यासाठी: कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात काही प्रयोग झाले, २०१६ मध्ये छापून आलेत. लोकांना शब्द देऊन काहींना ते लिहायला सांगितले आणि काहींचं चित्र काढायला सांगितलं, तर चित्र काढलेले शब्द नंतर जास्त आठवले. आणि चित्र चांगलं असण्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. चाळीस सेकंदांत कोण काय मोठं काढणार आहे.

कुठली वस्तू आणू?

महागाची नको. सोनं तर नकोच, हॉलला कुलूप नीट लागत नाही. आणि शोकेसमधली पण शक्यतो नको, कारण शोकेसमधल्या वस्तूला हात लागलेला नसतो. आणा ती वस्तू जी वापरून वापरून झिजलीये. मधे खळगा पडलेला पोळपाट, एका बाजूने घासलेली उचटणी, अडकित्ता, चष्म्याचं घर, आतून खडूने पांढरी झालेली कंपासपेटी, बाहेरून ऑइलपेंटने आडनाव घातलेला दळणाचा डबा. डबा आणताना रिकामा आणा, मागच्या वेळी एकीने खरंच बाजरीसकट आणला होता.

एका मुलाने भोकाचा पैसा आणला होता. तो पैसा १९४३ ते ४७ एवढीच वर्षं पाडला, युद्धामुळे तांबं वाचवायला मधे भोक ठेवलेलं. त्याच्या पणजोबांनी तो वॉशर म्हणून पंपाला लावलेला! म्हणजे पैसा म्हणून तीन-चार वर्षं चालला असेल आणि वॉशर म्हणून चाळीस. त्याच्यावर राजाचा मुकुट कमी आणि नटाचा वळ जास्त दिसतो. असली वस्तू सापडली तर ताबडतोब या.

देवघरातलं काही आणायचं असेल तर आधी घरात विचारा. नंतर मला फोन येतात.

सोबत काय सामान लागतं?

टूबी किंवा फोरबी पेन्सिल, पातळ कागद (पतंगाचा किंवा बटर पेपर), साधी वही, मऊ कापड. रंग आणले तरी चालतील. कोणी आणत नाही.

वस्तू आधी घासूनपुसून आणू का?

नको!! प्लीज नको. पितांबरी लावून चकचकीत केलेल्या तांब्यात ट्यूबलाइट दिसते, दुसरं काही दिसत नाही. धूळ फुंकरा फारतर. काळं पडलेलं असू दे, चिकट असू दे, लोणच्याचा वास येत असेल तर फारच छान. वासाचं असं आहे की बघितलेलं, ऐकलेलं मेंदूत एका मधल्या ठेशनातून पुढे जातं, वासाला ते ठेशन लागत नाही, तो आठवणी आणि भावनांच्या भागाजवळ जवळजवळ थेटच पोचतो. म्हणून ट्रंक उघडल्यावर डांबरगोळ्यांचा वास आला की माणूस आधी गप्प होतो, आणि कशामुळे झालो ते त्याला नंतर कळतं.

भांड्यावरच्या नावाचा ठसा घेतात म्हणजे काय करतात?

हे तुम्ही लहानपणी केलंय. वहीच्या पानाखाली चाराणे ठेवायचे आणि वरून पेन्सिल आडवी घासायची. तेच. माक्स अर्न्स्ट नावाच्या जर्मन चित्रकाराने १९२५ मध्ये समुद्रकाठच्या एका खानावळीत लाकडी जमिनीवर कागद टाकून हेच केलं आणि त्यातून पुढे चित्रंच्या चित्रं केली. आपल्याकडे शिलालेखाचा ठसा घेतात तोही याचाच मोठा भाऊ, फक्त तिथे ओला कागद दगडावर ठोकून बसवतात आणि वरून शाई.

आपल्या घरातल्या भांड्यांइतकं लिहिलेलं कुठे असतं सांगा मला. चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून सप्रेम भेट, तमुक यांच्या स्मरणार्थ, वास्तुशांतीनिमित्त, खाली तारीख. आता मशीनने घालतात, गुळगुळीत येतं. आधी दुकानाबाहेर बसलेला माणूस छिन्नीने टिंब टिंब ठोकत नाव घालायचा, आणि जागा संपत आली की शेवटची अक्षरं एकमेकांना चिकटायची. त्या टिंबांचा ठसा फार सुंदर येतो.

करायचं असं: भांडं मांडीवर आडवं, हलू नये म्हणून खाली टॉवेल. कागद नावावर ताणून मागे चिकटपट्टीने लावायचा, गोल भांड्यावर चुण्या पडतात, पडू देत. पेन्सिल टोकाने नाही, कुशीवर धरून, हलक्या हाताने एकाच दिशेने. घाईघाईने जोर लावला की कागद फाटतो. आणि कल्हई असलेल्या आतल्या बाजूला काही करू नका.

आता आमचं पातेलं.

आमच्याकडे एक पितळी पातेलं आहे, अडीच शेराचं, घरात त्याचं नाव 'पुरातलं पातेलं'. म्हणजे १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं, त्यात आजोबांचा वाडा गेला आणि भांडीकुंडी सगळी वाहून गेली, फक्त हे पातेलं खांबाला अडकून राहिलं. काठाला एक पोचा आहे तो त्या खांबाचा. ही गोष्ट मी शंभर वेळा तरी ऐकलीये, शाळेत निबंधात लिहून बक्षीसही घेतलंय. बासुंदी त्याच पातेल्यात व्हायची आणि बासुंदी आटेपर्यंत आजी पूर सांगायची.

चारेक वर्षांपूर्वी एका दुपारी उद्योग नव्हता म्हणून मी त्याला कागद लावला. काठाखाली बोटाला काहीतरी खडबडीत लागायचं, पण राखेने आणि शेंडीने घासून घासून डोळ्यांना दिसत काहीच नव्हतं. घासायला लागले तर आधी नुसती टिंबं आली. मग 'मुंजी' एवढं वाचता आलं. मग 'वाड्यातील मंडळींकडून'. आणि शेवटी तारीख, ता. ५-५-६३.

त्रेसष्ट! म्हणजे पूर येऊन गेल्यावर पावणेदोन वर्षांनी.

बाबांना दाखवलं तर ते म्हणाले नाव घालणाऱ्याने आकडा चुकवला असेल. मग मी माझ्या काकांकडे गेले, मुंज त्यांचीच होती. ते कागद हातात धरून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, अगं हो की, पुरानंतर दोन-तीन वर्षं कोणाकडे काही कार्य असलं की लोक भांडीच द्यायचे, कारण सगळ्यांना माहीत होतं की कोणाकडेच काही उरलेलं नाही. आणि पोचा? तो मी पाडलाय, माळ्यावरून, तुझ्या आजीला माहीत होतं.

मी निघता निघता दारात थांबले, कारण मला तेव्हा सुचलं, आणि विचारलं, पण काका, त्रेसष्टमध्ये वाडा कुठे होता? वाडा तर एकसष्टलाच पडला ना, तुम्ही सगळे पांगलात, कोणी गोखलेनगरला कोणी कुठे. ते म्हणाले, वाडा नव्हताच. मंडळी होती.

तो ठसा मी फ्रेम केलाय. एक मुद्दाम सांगते, घरात त्या पातेल्याला अजूनही पुरातलंच म्हणतात. मी पण म्हणते.

मग आमच्या आठवणी खोट्या निघाल्या तर काय करायचं?

हा प्रश्न पातेल्याची गोष्ट ऐकलेले लोक घाबरून विचारतात. थोड्याफार निघतीलच. केंब्रिजला फ्रेडरिक बार्टलेट म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर थोड्या थोड्या दिवसांनी परत परत सांगायला लावली, १९३२ च्या त्यांच्या पुस्तकात हे आहे. दर वेळी गोष्ट बदलत गेली, आणि कशी बदलली तर सांगणाऱ्याच्या घरच्यासारखी होत गेली. गोष्टीतली लांबुळकी कनू जाऊन साधी होडी आली, सीलची शिकार होती तिथे मासेमारी आली, जे कळलं नाही ते गळलं. आठवण म्हणजे कपाटातून फाइल काढणं नाहीये, दर वेळी नव्याने स्वयंपाक करण्यासारखं आहे, आणि घरात जे असेल ते त्यात पडतं.

माझ्या आजीच्या घरात पूर होता, त्यामुळे पातेल्यात पूर पडला, यात खोटं काय? तिने फसवलं असं मला कधीच वाटलं नाही. पण ठसा घेतला नसता तर वाड्यातली मंडळी कायमची गेली असती, हेही आहे. म्हणून आमचा एकच नियम आहे: आधी वस्तू काय म्हणते ते कागदावर घ्या, तुमची गोष्ट नंतर. उलटं केलंत की वस्तू तुमच्या गोष्टीला मान डोलवत बसते.

फोटो काढला तर नाही का चालणार? पटकन होतं.

काढा, पण शेवटी. लिंडा हेंकेल म्हणून अमेरिकेत एक संशोधक आहेत, त्यांनी लोकांना म्युझियममध्ये फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले आणि काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवत होत्या. कॅमेऱ्याने बघितलं ना, मग मी कशाला. गंमत म्हणजे ज्यांनी झूम करून एकाच भागाचा फोटो घेतला त्यांचं असं झालं नाही. तेव्हा फोटोच हवा असेल तर पूर्ण वस्तूचा नको, पोच्याचा घ्या, हँडलचा घ्या, जिथे अंगठा ठेवून ठेवून पॉलिश उडालंय तिथला घ्या.

लिहायचं काय? मला सुचत नाही.

चार-पाच ओळी पुरतात. फक्त 'आठवण', 'माया', 'प्रेम', 'संस्कार', 'त्या काळी' हे शब्द वापरायचे नाहीत. लोक आधी वैतागतात आणि मग फार छान लिहितात. एका बाईंनी सासूबाईंच्या किसणीबद्दल लिहिलं होतं, 'वरच्या तीन ओळी बोथट आहेत कारण त्यांचा हात खालपर्यंत जायचा नाही. मी किसते तेव्हा खालच्या ओळी लागतात. एकाच किसणीवर आम्ही दोघी वेगवेगळ्या ठिकाणी किसलंय.' त्या दोघींचं आयुष्यभर पटलं नव्हतं. हे त्यांनी नंतर चहाच्या वेळी सांगितलं. कागदावर नाहीये.

आईच्या साड्या कपाटात पडून आहेत. कापायचा धीर होत नाही, काय करू?

नका कापू मग. कोणी मागे लागलेलं नाही. वर्षभर राहू देत.

पण एक लक्षात घ्या, आपल्याकडे जुनं लुगडं हे कापायचंच असायचं. गोधडी म्हणजे काय, आत फाटकी धोतरं, जुनी पातळं, वरून त्यातल्या त्यात बऱ्यापैकी लुगडं, आणि चारी बाजूंनी आत आत जाणारा धावदोरा. कोल्हापूरकडे वाकळ म्हणतात. नव्या बाळाला नवं कापड टोचतं म्हणून आजीच्या लुगड्याची दुपटी शिवायचे, त्याला कोणी आर्ट म्हटलं नाही आणि कोणी रडलं पण नाही. ती साडी वापरात पुढे गेली एवढंच.

लुईझ बूर्ज्वा ही शिल्पकार वयाच्या नव्वदीत पोचल्यावर स्वतःचेच जुने कपडे कापायला बसली, लग्नातल्या आद्याक्षरं भरलेल्या लिननच्या तुकड्यांची पानं केली आणि त्यावर त्या कपड्यांचे तुकडे शिवून २००२ मध्ये अख्खं कापडी पुस्तक केलं. तिचं लग्न १९३८ चं. म्हणजे चौसष्ट वर्षं ते लिनन तिने सांभाळलं होतं आणि मग कात्री लावली. घाई नाहीये असं मी म्हणते ते याच्यासाठी.

मधला मार्ग हवा असेल तर काठाचा वीतभर तुकडा घ्या, पदराचा नको. काठाजवळ जिथे निऱ्यांची घडी पडून पडून रंग विटलाय ती जागा शोधा, तिथेच धावदोरा घाला, साडी न कापता. एकीने आईच्या इरकलवर जिथे जिथे फाटलं होतं तिथे लाल दोऱ्याने रफू केलं, मुद्दाम दिसेल असं. आता ती साडी नेसता येत नाही, पण आधी तरी कुठे कोणी नेसत होतं.

आई-बाबांचं घर रिकामं करतोय. सगळंच ठेवावंसं वाटतं. किती ठेवायचं?

याचं उत्तर माझ्याकडे नाही, माझ्या माळ्यावर पण प्रेशर कुकरच्या चार जुन्या रिंगा आहेत. पण दोन माणसं सांगते.

एक आपले काका केळकर, दिनकर गंगाधर केळकर. १९२० च्या आसपास त्यांनी गोळा करायला सुरुवात केली, दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, दौती, कुलपं, बाहुल्या, लोकांच्या घरात जे अडगळीत होतं ते. वीस हजारांवर वस्तू झाल्या. मुलगा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने ते राजा दिनकर केळकर संग्रहालय, बाजीराव रोडला. तिथे जाऊन अडकित्त्यांसमोर नुसते उभे राहा. सुपारीच कातरायची होती ना, पण कोणाला घोडा करावासा वाटला, कोणाला पोपट, कोणाला जोडपं. लोक मस्तानी महाल बघून बाहेर पडतात, अडकित्ते राहून जातात.

दुसरा चीनचा सोंग दोंग. त्याचे वडील २००२ मध्ये गेले आणि आईने काहीच टाकायचं बंद केलं. टूथपेस्टच्या ट्यूबा, बाटल्यांची बुचं, साबणाच्या चिपा, कापडाचे तुकडे, घरात पाय ठेवायला जागा नाही. ओरडून उपयोग नाही हे कळल्यावर त्याने आईला म्हटलं चल आपण याचं प्रदर्शन करू. २००५ मध्ये बीजिंगला दहा हजारांवर वस्तू, घराच्या लाकडी सांगाड्यासकट, आईनेच वर्गवारी करून मांडल्या. आणि आई तिथे येणाऱ्यांना एकेक दाखवत बोलायला लागली. मला यातलं प्रदर्शन तितकं मोठं वाटत नाही. बाई बोलायला लागली ते वाटतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, टाकायच्या आधी प्रत्येक वस्तूला कागदावर पाच मिनिटं द्या. बऱ्याचशा मग सोडता येतात. ज्या तरीही सुटत नाहीत त्या ठेवा.

वस्तू माझ्याकडे नाहीये, भावाकडे आहे.

आठवणीतून काढा. आणि मग भावाला पण काढायला सांगा, न दाखवता. दोन चित्रं शेजारी ठेवली की समजतं की एकाच घरात दोन वेगवेगळे पाळणे होते. वाटणीची भांडणं मात्र ग्रुपवर आणू नका. आधी एकदा झालंय, एक जातं होतं, तीन भावंडं, आणि बारा तटस्थ लोक ग्रुप सोडून गेले.

मी न्यू जर्सीत आहे आणि सगळ्या वस्तू साताऱ्यात. काय करू?

तुमच्याकडे एक वस्तू नक्की आहे, ती तुम्हाला वस्तू वाटत नाही एवढंच. पहिल्यांदा जाताना तेवीस किलोच्या बॅगेत काय बसवलं होतं आणि आयत्या वेळी एअरपोर्टवर वजनकाट्यापाशी काय बाहेर काढलं होतं? दोन्हींची चित्रं काढा. व्हिडिओ कॉलवर येणाऱ्या एका मुलीने बाहेर काढलेल्या पोळपाटाचं काढलं, तो तिच्या बाबांनी काखेत मारून परत नेला होता. लाटणं बॅगेत राहिलं. ती आजही किचनच्या ओट्यावरच पोळ्या लाटते, त्याच लाटण्याने.

आजीला आता फारसं आठवत नाही. तिला आणू का? तिच्याबरोबर घरी काही करता येईल?

हॉलमध्ये नको, गलका होतो. घरी जरूर करा. डॉक्टरांचं काय ते त्यांना विचारा, मी फक्त आम्ही काय करतो ते सांगते. वस्तू नुसती हातात द्यायची. 'हे काय आहे सांग', 'ओळखलंस का', 'कोणी दिलं होतं आठव' असं काहीही विचारायचं नाही, ती परीक्षा होते आणि म्हातारं माणूस नापास झालं की मिटून जातं. माझ्या आत्याला नाव-गाव काही सांगता येत नव्हतं, पण हातात वाती वळायचा कापूस दिला की मांडीवर तळहात फिरायला लागायचा, आणि एकसारख्या वाती. मी शेजारी बसून तिच्या हाताची चित्रं काढायचे. ती एकदा कागदाकडे बघून म्हणाली, बोटं जाड काढलीस.

मध्येच रडू आलं तर?

येतं. रुमाल आणा. कोणी पाठीवर हात फिरवायला येणार नाही, हे आम्ही ठरवून टाकलंय, कारण मग सगळी रविवारची दुपार त्यातच जाते. गॅलरीत जाऊन या, परत येऊन बसा. गेलेलं माणूस अगदी नुकतं गेलं असेल, म्हणजे महिना दोन महिने, तर अजून थांबा, किंवा दुसऱ्याच कोणाची वस्तू आणा. आणि झोप नाही, जेवण जात नाही असं चाललं असेल तर पेन्सिलने भागणार नाही, डॉक्टरकडे जा.

पण हे आर्ट आहे का? माझा मुलगा म्हणतो हे टाइमपास आहे.

मुलाला म्हणावं असू दे. तरी सांगते. जॉर्जो मोरांदी नावाचा इटालियन चित्रकार बोलोन्यात राहून आयुष्यभर त्याच त्या बाटल्या, बरण्या, डबे रंगवत बसला, धूळसुद्धा पुसायचा नाही. अमेरिकेत जोसेफ कॉर्नेल, कलेचं रीतसर शिक्षण काही नाही, घरी आजारी भाऊ, आई, आणि हा जुन्या बाजारातून आणलेल्या बाहुल्या, नकाशे, काचेच्या गोट्या लाकडी खोक्यात मांडायचा, आज ती खोकी मोठमोठ्या म्युझियममध्ये आहेत. आणि आपले प्रभाकर बरवे, नागावचे. साधं घड्याळ, झाडाचं पान, असं काहीतरी रिकाम्या जागेत ठेवून द्यायचे, तेही इनॅमल पेंटमध्ये, म्हणजे आपण दारं-खिडक्यांना लावतो त्या जातीच्या रंगात. त्यांच्या चित्रासमोर उभं राहिलं की वाटतं की आपण ही वस्तू आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय.

आम्ही त्यातले कोणी नाही. आमचं बहुतेक टाइमपासच आहे, फक्त फोनवरच्यापेक्षा बरा.

लहान मुलांना आणलं तर?

आणा. आठ वर्षांच्या पुढची. ती आपल्यापेक्षा चांगलं बघतात आणि दहा मिनिटांनी कंटाळतात.

फी किती?

नाही. हॉलचे शंभर रुपये सगळ्यांत वाटून येतात, ते द्या. कप घरून आणा, कागदी कप आम्ही बंद केलेत.

ते पातेलं बघायला मिळेल का?

मिळेल, पण लगेच नाही. दिवाळीत आतली कल्हई पार उडाल्याचं दिसलं, त्यामुळे सध्या त्यात काही करता येत नाही, ओट्याखाली पालथं घालून ठेवलंय. तांबट आळीत विचारून आले, तिथे एकाने सांगितलं की करून देतो, पण भांडं आधी आतबाहेर घासून घ्यावं लागेल आणि बाहेरचं नाव होतं तेवढंही राहणार नाही. म्हणून परत घेऊन आले. बाहेरून हात न लावता फक्त आतून कल्हई करून देणारा कोणी तुमच्या माहितीत असेल, अगदी हडपसर-भोसरीला असला तरी, तर मला नंबर पाठवा.